धुराचा बाजार आणि जोयड्याचे रान

‘कार्बन क्रेडिट’ हा शब्द अलीकडे आमच्या जोयडा तालुक्यासारख्या रानवट मुलखातही कानी पडू लागला आहे. रान आपले, तेव्हा त्याचा पैसाही आपल्यालाच मिळणार, अशी आशा त्यामागे असते. ती कितपत साधार आहे हे पाहावयाचे, तर या व्यवहारामागील अर्थशास्त्र ध्यानी घेतले पाहिजे.

कारखानदार कोळशाची किंमत मोजतो. धुराची मोजीत नाही. तो भुर्दंड तिऱ्हाइतावर पडतो आणि कोणाच्याच खतावणीत चढत नाही. तो कररूपाने वसूल करावा, हा विचार पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडला. कॅनडातील डेल्स यांनी १९६८ मध्ये निराळी वाट दाखविली: सरकारने प्रदूषणाची एकूण मर्यादा ठरवावी, तेवढेच परवाने काढावे आणि त्यांच्या खरेदी-विक्रीस मुभा द्यावी.

समजा, दोन कारखान्यांनी मिळून शंभर टन धूर कमी करावयाचा आहे. एकाला टनामागे पाचशे रुपये खर्च येतो, दुसऱ्याला दोन हजार. दोघांनीही पन्नास पन्नास टन कमी करावे, असा हुकूम सुटला तर खर्च सव्वा लाख होईल. पण दुसऱ्याने टनास हजार रुपये देऊन आपला वाटा पहिल्याकडून उरकून घेतला, तर तेच काम पन्नास हजारांत होते आणि दोघांचाही लाभ होतो. मात्र धूर घटतो तो मर्यादेमुळे; बाजार केवळ खर्च वाचवितो. हा भेद वर्गात शिकविताना हटकून निसटतो.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात नेमका तोच निसटला. १९९७ चा क्योटो करार २००५ मध्ये अमलात आला. त्याने धनिक राष्ट्रांवर मर्यादा घातली. भारतावर घातली नाही. तरीही येथील प्रकल्पांनी वाचविलेला धूर त्या राष्ट्रांना विकत घेता येई. महाराष्ट्रातील पवनचक्क्यांच्या काही प्रकल्पांनी असे क्रेडिट मिळविले. परंतु विकणाऱ्यावर मर्यादाच नसल्यामुळे, ‘प्रकल्प नसता तर किती धूर झाला असता’ हा हिशेब कल्पनेवर बेतावा लागे. आणि तो फुगविण्यात घेणारा व देणारा या दोघांचेही हित असे. शीतकरणाचा वायू बनविताना निघणाऱ्या एका उपवायूचा एक टन नष्ट केला, की ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याची नोंद होई. नष्ट करण्याचा खर्च अल्प, प्राप्ती अफाट! युरोपने २०१३ पासून या क्रेडिटांना दार बंद केले. तोवर बाजारभावही कोसळलाच होता.

आता जोयड्याकडे वळू. काळी नदीवरील सुपा धरण १९८०च्या दशकात उभे राहिले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि विस्थापितांसाठी रामनगर वसले. २००७ मध्ये येथील रान व्याघ्रप्रकल्पात आले. पण क्योटोच्या हिशेबात उभ्या रानाला स्थान नव्हते. नव्याने लावलेल्या झाडांनाच होते. हा नियम निर्दय वाटतो, परंतु तर्कशुद्ध आहे. आमचे प्रमाणपत्र घेणारा त्याच्या बळावर तितका धूर अधिक सोडतो. रान एरवीही उभेच राहणार असेल, तर जगाचा धूर वाढतो, घटत नाही.

म्हणून जोयड्याचा हक्कच नाही, असे ठरत नाही. आमच्या मते तो विक्रेत्याचा नसून भरपाईचा आहे आणि तो सार्वजनिक तिजोरीतून पुरविला पाहिजे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांचा वाटा ठरविताना वनक्षेत्रास साडेसात टक्के भार दिला, पंधराव्याने दहा टक्के. पण तो पैसा राज्याच्या खजिन्यात पडतो. ज्या तालुक्याचे रान, त्यापर्यंत तो पोहोचावा अशी अट त्यात नाही.

भारतानेही २०२३ मध्ये स्वतःची क्रेडिट-योजना जाहीर केली असून कागदउद्योग तिच्या कक्षेत आहे. शेजारच्या दांडेलीमुळे तो आम्हांस परका नाही. येथे बंधन आहे ते उत्पादनाच्या प्रत्येक टनामागील धुरावर, एकूण धुरावर नव्हे. टनामागील धूर पाव हिश्शाने घटला आणि उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण धूर दीडपट होतो, आणि तरीही कारखान्याने नियम पाळलेलाच असतो.