सावरीखालची गुरं

सूसमध्ये दोन गृहसंकुलांच्या मधे एक पडीक तुकडा उरला आहे आणि त्यात एक जुनी काटेसावर उभी आहे. फाल्गुन लागलाय. झाडावर पान औषधालाही नाही. मजल्यामजल्यानं आडव्या पसरलेल्या फांद्यांवर नुसती लाल फुलं. ऊन खिंडीकडून येऊन नुकतंच शेंड्याला लागलंय आणि वर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांचा कालवा चाललाय. थोड्या थोड्या वेळानं एक फूल सुटतं आणि थप्प आवाज करत खाली येतं. सावरीचं फूल पाकळी पाकळी होऊन विखरत नाही. पाच मांसल पाकळ्या, मधला केसरांचा झुबका, सगळं एकदमच पडतं. डोक्यात पडलं तर चांगलं लागतं.

गुरं त्या आवाजाकडे कान लावून आहेत. पुढे खिलार वळणाची पांढरी गाय, मागे तीन-चार संकरित गाई, दोन कालवडी आणि एक गोऱ्हा. रस्ता ओलांडताना गाड्या हॉर्न वाजवतात, पण पांढरी मान वळवत नाही. कडेच्या वाळक्या गवताला तोंड न लावता ती थेट झाडाखाली येते. तिला वेळही ठाऊक आहे आणि जागाही.

गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. गवत खाताना ती जिभेचा विळखा घालून हिसडा देते. इथे हिसडा द्यायचं कामच नाही. ती नाकपुडीतून एक जोरकस फुंकर सोडते, फुलाभोवतीची धूळ उडते, जीभ बाहेर येते आणि फूल आत जातं. केसरांचा झुबका क्षणभर ओठांतून लोंबतो, मग तोही जातो. वाळका चारा चावतानाचा करकर आवाज येत नाही. ओला, भरल्या तोंडाचा आवाज येतो. एक फूल संपलं की अर्धं पाऊल पुढे. तिच्या ओल्या नाकावर परागांची भुकटी चिकटली आहे.

गोऱ्ह्याला अजून हे जमत नाही. तो फुलाला नाकानं ढकलतो, फूल घरंगळतं, तो मागे जातो. दुसऱ्या फुलात मुंग्या आहेत. त्या नाकाला डसतात तसा तो फुरफुरत मान झाडतो. आणि पुन्हा तिथंच तोंड घालतो. गाईंच्या पायांशी दोन गायबगळे किडे टिपत फिरताहेत.

गुरांमागे आलेल्या मावशी बसलेल्या नाहीत. त्याही वाकून फुलं वेचताहेत, घमेल्यात टाकताहेत. मी विचारते, "मावशी, ही कुणासाठी?"

"घरच्या म्हशीला. तिला आता लांब चालवत न्हाई," त्या म्हणतात. "तिनं काय पाप केलंय? तिलाबी मिळाया पायजे की, ताई."

"आवडतात का त्यांना एवढी?"

"आता गवतात काय ऱ्हायलंय? नुसती कुसळं."

त्या म्हणतात ते समोर दिसतंच आहे. मागच्या टेकडीचा अर्धा उतार वणव्यानं काळा पडलाय आणि उरलेल्या अर्ध्यावर कुसळी गवत उभं आहे. पावसाळ्यात हेच गवत गुरं हौसेनं खातात, पण आता त्याची कुसळं तोंडाला टोचतात. ओला चारा विकत घेतल्याशिवाय मिळायचा नाही आणि वळवाला अजून अवकाश आहे. नेमक्या याच दिवसांत सावर पानं टाकून फुलते. मेळघाटात, ताडोबात हाच व्यवहार रानात चालतो: वानरं वर फुलं खाता खाता पाडतात आणि खाली चितळं ती टिपतात. इथे वानरांचं काम साळुंक्या आणि खारी करतात, चितळांच्या जागी गाई आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला शाल्मलीची गोष्ट सांगतात. शाल्मली म्हणजे हीच सावर. वाऱ्याशी वैर ओढवून घेतलेलं ते झाड, वारा येण्याआधीच भयानं आपल्या फांद्या, पानं, फुलं टाकून देतं. त्या टाकलेल्या फुलांचं पुढे काय झालं, ते गोष्टीत येत नाही. मला ते इथे दिसतंय.

मावशी घमेलं कमरेवर घेतात आणि हातानं खिंडीची दिशा दाखवतात. "पयले पार तिथवर चारायचो. आता जिकडं बघाल तिकडं पत्रा." पत्रा म्हणजे बांधकामाभोवती उभं केलेलं निळं कुंपण. सूस मुळशी तालुक्यातलं गाव. 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत जी 23 गावं आली त्यांत तेही आलं. ग्रामपंचायत गेली, सातबारा राहिला, आणि गुरं जिथून जायची ती वाट कागदावर कधी नव्हतीच. अशा उपनगरात गोठा टिकवणारी ही माणसं आता अशा उरल्यासुरल्या तुकड्यांवर गुरं चारतात. या तुकड्याच्या कोपऱ्यातही विक्रीची पाटी लागलेली आहे.

झाडाचा तिसरा हिस्सा कुंपणभिंतीवरून संकुलाच्या आवारात झुकलाय. तिथे खाली सिमेंटचे ठोकळे आहेत आणि त्यांच्यावर एकही फूल नाही. भल्या सकाळीच सगळी झाडून काळ्या पिशव्यांत भरली गेली आहेत. पिशव्या फाटकाबाहेर ठेवल्या आहेत, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. काल रात्रीचं उष्टं, दुधाच्या पिशव्या, फुलं, सगळं एकत्र.

पांढरीला वास लागलाय. माझ्या ध्यानात येईपर्यंत ती फाटकाशी पोचली आहे आणि पिशवीवर पाय देऊन तोंडानं ती फाडते आहे. लाल पाकळ्या बाहेर येतात, त्यांच्याबरोबर प्लास्टिकही. ती दोन्ही ओढते. मावशी घमेलं टाकून धावतात, "हाऽऽ! सोड, सोड म्हणते ना!" आणि गाईच्या जबड्यात हात घालून काळी चिंधी ओढून काढतात. थोडी निघते. थोडी आत गेली आहे. गाय रवंथ करणारी आहे, खाल्लेला चारा ती पुन्हा तोंडात आणते, पण प्लास्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात पडून राहतं. वर्षानुवर्षं त्याचा गोळा वाढत जातो. जनावर खायचं सोडतं, पोट फुगतं, आणि मग डॉक्टरनं पोट उघडून ते काढण्यापलीकडे इलाज राहत नाही.

मावशी कुणाला बोलत नाहीत. सांडलेली फुलं घमेल्यात भरतात आणि पांढरीच्या पाठीवर थाप मारून तिला पुन्हा झाडाखाली आणतात. गोऱ्हा आता फुलं खातो आहे.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत या झाडाची बोंडं उकलतील, कापूस उडेल, खिडक्यांच्या जाळ्यांवर बसेल, आणि मग झाड तोडण्याचे अर्ज निघतील. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, हे त्या वेळी कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. पण त्याआधीचं काम सोपं आहे. तुमच्या आवारात सावर असेल, तर बहर सरेपर्यंत तिची फुलं कचऱ्यात मिसळू नका, पिशवीत कोंबू नका. झाडलोट करायचीच असेल तर ती घमेल्यात भरा आणि भिंतीपलीकडे मोकळ्या मातीवर पसरून ठेवा. गुरं येतात तिथे.