चौकट : बूट खुंटीला टांगल्यावर

तिशी ओलांडलेल्या जळगाव-धुळ्याच्या खेळाडूला क्लबचा करार मिळत नाही, पण शिट्टी हातात घेता येते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं ‘डी’ लायसन्स केलं की मुलांना शिकवण्याची वाट अधिकृतपणे खुली होते. पुढे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ अशी चढण आहे. ‘सी’पासून आशियाई महासंघाचा शिक्का लागतो. राज्यात हा कारभार १९११ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, पाहते.

वाट दाखवणारं उदाहरण नागपूरचं. तिथल्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. ‘झुंड’ (२०२२) हा सिनेमा त्यांच्यावरच बेतलेला. त्या मैदानात घडलेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला, आणि पुढे स्वतःच मुलांचा प्रशिक्षक. बारसे यांच्या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. सिनेमात बच्चन दिसले, पण खरं काम रोज मैदानात उभं राहणाऱ्यांचं!

खानदेशात मात्र आधी जमीन सांभाळा. काळ्या मातीला उन्हाळ्यात बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात, मुलांचे घोटे तिथेच मुरगळतात. सराव सकाळी लवकर उरका, मे महिन्यात नऊनंतर मुळीच नको. लहानग्यांना पाच नंबरचा नव्हे, तीन किंवा चार नंबरचा चेंडू द्या.