मलमालाही मात्रा असते
कातडीचे आरोग्य : भाग ४

मेहरूणची बोरं बाजारात आली की जळगावात थंडीबरोबर कोरडी हवा येते आणि अनेकांचा जुना इसब डोके वर काढतो. खाज का सुटते, ते मागच्या भागात पाहिले. या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या मलमाविषयी.

या मलमाबाबत लोक दोन टोकांना असतात. काही जण ‘स्टेरॉइड’ ऐकूनच ट्यूब कपाटात ठेवतात आणि खाजवून कातडी सोलून घेतात. काही जण तीच ट्यूब मेडिकलमधून परत परत आणून महिनोन्‌महिने चोळतात. गोळी किती आणि किती दिवस घ्यायची, हे आपण विचारतो. मलमाबद्दल मात्र विचारत नाही.

मापाची सोपी खूण बोटावरच आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. लहान मुलांसाठीही पट्टी मोठ्यांच्याच बोटाने मोजायची, जागाही मोठ्यांच्याच तळहाताने.

प्रत्येक मलमाची ताकद वेगळी असते. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, क्लोबेटासोल अतितीव्र. तळहाताच्या जाड कातडीला जे चालते, ते चेहरा, पापण्या, काख, जांघ इथल्या नाजूक कातडीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. चुकीचे मलम फार दिवस लावले तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, जांघेत पांढुरके चट्टे उमटतात. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचा धोका असतो. गजकर्णावर लावले तर खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते आणि मूळ चट्टा ओळखू येत नाही.

म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे शेड्यूल एचमध्ये आणली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ‘तीन औषधं एकात’ असलेली ट्यूब शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लावणे तर टाळावेच.

मलम फक्त लाल, खाजऱ्या भागावर, सांगितलेल्या वेळीच पातळ थरात लावा. मॉइश्चरायझर मात्र सगळ्या कोरड्या कातडीला रोज, आंघोळीनंतर लगेच. दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ द्या. वर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नका, त्याने औषध जास्त मुरते. लाली उतरली की किती दिवसांनी थांबायचे, हे आधीच विचारून ठेवा. पू, ताप किंवा वाढती वेदना दिसल्यास वाट न पाहता दवाखाना गाठा.

दर थोड्या दिवसांनी इसब परत येत असेल, तर जास्त तीव्र मलम मागण्याआधी कारण शोधा. शिवारात काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर तो गाजरगवतामुळेही उठतो.

पुढील भागात : गाजरगवत आणि कातडी.