पिकअप घेण्याआधी एक प्रश्न

आंब्याच्या पेट्या वाहायला धाकट्या भावाला पिकअप घ्यायची होती. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हवेच, असा त्याचा हट्ट. अब्बांना मात्र बहिणीच्या बीएडची फी दिसत होती.

आम्ही दोघांना समजावले. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते. साधे डिफरन्शियल ते जमवते. पण एक चाक चिखलात गरगरले की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. लिमिटेड स्लिप बराचसा जोर त्या दुसऱ्या चाकाला देते. रिकामी पिकअप मागे हलकी, म्हणून तिचे चाक लवकर घसरते.

मग भावाला विचारले, "अरे, बागेत गाडी कधी न्यायची?"

"एप्रिल-मेमध्ये."

म्हणजे रस्ता कोरडाच! पावसाळ्यात सगळी ने-आण डांबरीवरून. चांगले टायर घेतले, फी भरली. रोज चिखलातून जाणाऱ्याने मात्र हा खर्च जरूर करावा.