मॉरिशस : आपल्याच काळ्या पाषाणाचे बेट

मॉरिशसचे नाव आपल्या व्यापारी मंडळींना बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. एक, नवविवाहितांच्या सहली. दुसरे, 1982 सालचा करविषयक करार, ज्याच्या आधारे परदेशी भांडवल कितीतरी वर्षे या बेटावरून वळसा घेऊन आपल्या शेअर बाजारात येत राहिले. 2016 मध्ये त्या करारात दुरुस्ती झाली आणि ती वाट अरुंद झाली. परंतु सोलापूरचे या बेटाशी असलेले नाते कोणत्याही करारापेक्षा फार जुने आहे.

आपल्या भुईकोट किल्ल्याच्या परिसरात किंवा कोणत्याही विहिरीच्या खोदकामात जो काळा कातळ लागतो, तो बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानावरून गेला. तेथून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. पेटत्या दिव्यावरून कागद हळूहळू ओढत न्यावा आणि त्यावर डागांची रांग उमटावी, तसेच पुढे घडले. भूखंड सरकत राहिला, दिवा जागीच राहिला. लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या प्रवाळांखाली त्याच ज्वालामुखी डागांची रांग आहे. त्याच रांगेत पुढे 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले आणि सर्वांत अखेरीस त्याचे शेजारी रियुनियन. रियुनियनचा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. मॉरिशस शांत आहे. क्युरपिप गावातील मृत विवराभोवती आता झाडी माजली आहे. हिंदू भाविक ज्याला गंगा तलाव म्हणतात, तेही अशाच एका विवरात साठलेले पाणी होय.

बेट लहान, अवघे 1865 चौरस किलोमीटरचे. आपल्या जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढे. सर्वोच्च शिखर 828 मीटर. तरीही एवढ्याशा जागेत पावसाचे प्रमाण थक्क व्हावे इतके बदलते. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे समुद्राची वाफ घेऊन येतात, मधल्या पठारावर चढतात आणि तेथेच रिते होतात. पठारावर वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर डोंगरांच्या पाठीशी असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम 900. सह्याद्रीच्या आडोशाला राहणाऱ्या सोलापूरकराला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको! महाबळेश्वर भिजते आणि आपण सातशेच्या आसपास मिलिमीटरवर वर्ष काढतो. आपल्या घाटापासून दुष्काळी पट्ट्यापर्यंतचे अंतर तेथे मोटारीने तासाभरात पार होते, एवढाच काय तो फरक.

बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर असल्याने ऋतू मात्र उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि पाऊसही मुख्यतः त्याच काळात. आपल्या चातुर्मासात तेथे हिवाळा. समुद्राच्या सान्निध्यामुळे उन्हाळ्याचे सरासरी तापमान 25 अंशांच्या आत-बाहेर आणि हिवाळ्याचे 20च्या जवळपास. मे महिन्यात 43 अंश सोसणाऱ्यांना हे स्वर्गसुख वाटेल.

त्या सुखाची किंमत उन्हाळ्यातील चक्रीवादळे वसूल करतात. फेब्रुवारी 1960 मधील ‘कॅरोल’ वादळाच्या झोतांचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या वर गेला. गवताची व पत्र्याची हजारो घरे उडाली आणि त्यानंतर लोक सिमेंटच्या घरांकडे वळले. शेजारच्या रियुनियनवर जानेवारी 1966 मध्ये एका वादळात 24 तासांत 1825 मिलिमीटर पाऊस पडला. सोलापूरचा अडीच वर्षांचा पाऊस एका दिवसात!

एवढा पाऊस असूनही पाणी साठवण्याची सोय थोडी. तेथील सर्वांत मोठा जलाशय, मार ओ वाकोआ, एक टीएमसीदेखील भरत नाही. आपले उजनी 117 टीएमसीचे. कोवळा, सच्छिद्र लाव्हा पाणी पटकन पिऊन टाकतो. त्यामुळे वादळाच्या प्रदेशातच दुष्काळाचीही भीती असते.

पीककर्जाच्या प्रकरणांवर बरीच वर्षे सह्या केलेल्या माझ्यासारख्या माणसाला या बेटाची सर्वांत विचारात घेण्याजोगी गोष्ट वाटते ती हीच, की निसर्गाच्या या दुहेरी जोखमीला त्यांनी हिशेबाच्या वहीत जागा दिली. 1946 साली तेथे उसासाठी चक्रीवादळ व दुष्काळ विमा मंडळ स्थापन झाले. ऊस उत्पादक आणि गिरणीमालक हप्ता भरतात, आणि ज्याचा मागील इतिहास चांगला त्याला नुकसानीच्या वर्षी भरपाईत लाभ मिळतो. भरपाई मागायला मंत्र्याच्या दारी जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस उजनीच्या भरवशावर आणि कर्ज उसाच्या भरवशावर. उजनी वजा पातळीत गेली की कापड दुकानापासून सराफापर्यंत सगळ्यांची उधारी थकते. ज्यांनी दिवाळीचा माल उचलून ठेवलेला असतो, त्यांना हे अधिक सांगायला नको.

हा ऊस तेथे कोणाच्या कष्टाने उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. 1834 पासून भारतातून करारबद्ध मजूर गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातील मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजुरांना उतरवले जाई, तो आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसा ठरला. शेतात नांगर चालावा म्हणून त्यांनी काळे धोंडे हातांनी वेचून बांधावर रचले. उसाच्या फडांमधून उभे असलेले ते ढीग आजही दिसतात. त्यांच्या वंशजांच्या शाळांत मराठी शिकवले जाते, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. तेव्हा तेथे थंडी ओसरत असते आणि ऊसतोड भरात आलेली असते.