तुडुम, पाळ आणि एकेक बाइट

भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावाची नोंद म्हटली की तीत गाव येतं, तालुका येतो, बुडीत क्षेत्र येतं. पाळीची अवस्था, तुडुमं किती, पाटचऱ्या कुठवर जातात हेही येतं. मासेमारी कोणाकडे, हे तर यायलाच हवं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. या तलावांची अशी माहिती वहीतून संगणकात घेताना मी तिला एक्सएमएलचा साचा दिला आणि ती वाचायला सी भाषेत छोटा पार्सर लिहिला. नोंद साधारण अशी दिसते (आकडे नमुन्याचे आहेत):

<तलाव प्रकार="मामा">
  <तालुका>साकोली</तालुका>
  <क्षेत्र एकक="हेक्टर">४२</क्षेत्र>
  <तुडुम>२</तुडुम>
  <पाटचऱ्या>५</पाटचऱ्या>
  <टीप>धान &#38; मासेमारी</टीप>
</तलाव>

टॅग मराठीत आहेत आणि ते नियमात बसतात. एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून टॅगच्या नावात देवनागरी अक्षरं चालतात. तरी बहुतेक ठिकाणी आतला मजकूर मराठी आणि टॅग इंग्रजी, असंच दिसतं. मला ते पटत नाही. पाळीतून पाणी सोडायच्या जागेला तलावावरचा माणूस तुडुम म्हणतो, तर फाईलमध्येही ती तुडुम याच नावाखाली सापडली पाहिजे.

सी भाषेला मात्र ना तुडुम कळतं ना अक्षर. तिच्यापुढे येतात ते बाइट, ० ते २५५ मधले आकडे. डीबगर लावून पार्सर एकेक पाऊल चालवला की हे डोळ्यांनी बघता येतं. <गाव> हा टॅग घ्या. पहिला आकडा ६०, म्हणजे कोन उघडला. पार्सरची अवस्था ‘मजकूर’वरून ‘टॅगचं नाव’ अशी बदलते. मग २२४, १६४, १५१ हे तीन बाइट मिळून ‘ग’ होतो. २२४, १६४, १९० हा काना. २२४, १६४, १८१ हा ‘व’. शेवटी ६२, कोन मिटला, अवस्था परत ‘मजकूर’. मला दिसणारा एवढासा टॅग त्याच्यासाठी अकरा बाइटांचा असतो. फाईल तुकड्यातुकड्यांनी वाचताना एखादा तुकडा नेमका ‘ग’च्या मधोमध संपला तरी बिघडत नाही, कारण आपण कुठल्या अवस्थेत आहोत एवढं पार्सरने लक्षात ठेवलेलं असतं. पुढचा बाइट आला की काम तिथूनच पुढे.

या चालीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांत ६० कधीच येत नाही, ६२ नाही, ३८ही (म्हणजे & ही खूण) नाही. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये आखली, ती या हमीसकट: अनेक बाइटांच्या अक्षरातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. त्यामुळे मराठीचा गंधही नसलेला पार्सर मराठी मजकूर बिनधोक ओलांडतो. जुन्या फॉन्टांच्या काळात ही सोय नव्हती. कृतिदेव ०१० मध्ये टाइप केलेल्या फाईलीत ‘ढ’ साठी कोन उघडण्याचीच खूण वापरलेली असते आणि ‘झ’ साठी कोन मिटण्याची. ज्या तलावांवर ढिवरांची पिढ्यान् पिढ्या मासेमारी आहे, त्यांच्या नोंदीत ‘ढिवर’ शब्द आला की पार्सर तिथे नवा टॅग सुरू झाला असं समजणार, आणि ‘झाडीपट्टी’ आली की टॅग संपला असं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्याच माहितीच्या आधारे तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं आहे. अशा नोंदीतून ‘ढिवर’ हा शब्दच गळून पडणं किती वाईट! म्हणून जुनी फाईल आधी युनिकोडमध्ये आणायची, पार्सर नंतर.

खरे खड्डे सी भाषेत आहेत. बाइट कोरा आहे का, म्हणजे जागा, टॅब किंवा नवी ओळ आहे का, हे विचारायला ‘इझस्पेस’ नावाचं फंक्शन असतं. पण बऱ्याच संगणकांवर सीचा ‘कॅर’ हा प्रकार ऋण आकडेही धरतो, मग २२४ चा होतो उणे ३२. असा उणे आकडा इझस्पेसला दिला तर काय होईल याची भाषा काहीच खात्री देत नाही. इंग्रजी फाईलीवर वर्षभर नीट चाललेला प्रोग्राम पहिल्या मराठी ओळीला घसरू शकतो. बाइट आधी ‘अनसाइन्ड’ करून घेणं हा त्यावरचा उपाय. तो एका शब्दाचा आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत क्वचितच दिसतो.

टॅगच्या नावासाठी राखलेल्या जागेचंही तसंच. ३२ बाइट पुष्कळ वाटतात. शेवटचं शून्य सोडलं तर त्यात देवनागरीच्या दहाच खुणा मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्या वेगवेगळ्या खुणा. ‘पाणीवापरसंस्था’ हा एकच टॅग ४२ बाइट खातो. जागा संपली हे सी सांगत नाही. उरलेले बाइट शेजारच्या जागेवर लिहून मोकळी होते. म्हणून प्रत्येक बाइट ठेवण्याआधी जागा मोजायची. त्यात आळस चालत नाही.

एकात एक टॅग बसतात त्यासाठी स्टॅक लागतो. त्याला उतरंड म्हणावं, अगदी चपखल बसतं: सर्वांत वरचं मडकं आधी काढल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नाही. टॅग उघडला की नाव वर ठेवायचं, मिटणारा टॅग आला की वरच्या नावाशी ताडून बघायचं. जुळलं तर उतरवायचं, नाही जुळलं तर फाईल चुकीची.

आणि इथेच ‘पाटचऱ्या’ अडते. पडद्यावर उघडणारा आणि मिटणारा टॅग तंतोतंत सारखे दिसतात, तरी दोन नावं ताडून बघणारं सीचं ‘स्ट्रकम्प’ म्हणतं, वेगळे आहेत. कारण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येतात. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे जोडणारी एक अदृश्य खूण. पहिल्या तऱ्हेने ‘पाटचऱ्या’ २४ बाइटांची, दुसऱ्या तऱ्हेने २७. दिवसा कार्यालयात उघडलेली नोंद रात्री फोनवर पुरी केली की एकाच शब्दाची ही दोन रूपं एका फाईलीत येतात.

अशा वेळी पार्सरने समजून घेऊन पुढे जावं, असं सुचवणारे भेटतात. माझं मत उलट आहे. त्याने थांबावं, ओळीचा क्रमांक द्यावा आणि दोन्ही नावं बाइटांच्या आकड्यांसकट छापावीत. एक्सएमएलचा नियमही कडक आहे: रचनेत चूक सापडली की नेहमीसारखं वाचत राहायचं नाही. अंदाज बांधणारा पार्सर एखाद्या तलावाच्या पाटचऱ्या शेजारच्या तलावाच्या नावावर चढवेल, आणि ते कोणाला कळणारही नाही.

आकड्यांकडेही लक्ष द्यावं लागतं. मजकुरातून आकडा काढणारं सीचं ‘एटॉय’ मराठी ४२ वाचतं आणि शून्य परत देतं, तक्रार न करता. ४२ हेक्टरचा तलाव क्षणात नाहीसा. पण मराठी अंकांची मांडणी सोपी आहे: २२४, १६५ आणि तिसरा बाइट १६६ ते १७५. तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंक हाती येतो. टीपेतलं &#38; म्हणजे & या खुणेचं आकड्यातलं रूप, तेही जपून, एकदाच उलगडायचं. उलगडलेलं पुन्हा उलगडायला गेलं की मजकुरातली खूण टॅग होऊन बसते.

एक प्रश्न पार्सरचा नाही, नोंदीचा आहे. नवेगावबांधचा तलाव १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. १९५० ते १९५६ दरम्यानच्या कागदावर तर राज्यच मध्य प्रदेश. म्हणून <जिल्हा> टॅगला मी वर्ष जोडतो.

रोजच्या कामाला जेम्स क्लार्क यांचं एक्सपॅट हे पार्सरचं तयार ग्रंथालय वापरावं. १९९८ पासूनचं, सीमध्येच लिहिलेलं, भरपूर तावूनसुलाखून निघालेलं आहे. पण ते एक्सएमएलच्या चौथ्या आवृत्तीचे नियम पाळतं, आणि ती अदृश्य खूण टॅगच्या नावात चालू लागली २००८ च्या पाचव्या आवृत्तीत. त्यामुळे ‘ऱ’ची पाटचऱ्या एक्सपॅट घेतं, दुसरी तिथेच नाकारतं. हाताने पार्सर लिहून एकेक बाइट पाहिलेला असला की हा नकार कुठून आला ते लगेच उमगतं. आता टॅगची नावं मी टाइप करत नाही. सगळी एका फाईलीत ‘ऱ’ने लिहून ठेवली आहेत आणि तिथूनच उचलतो.