फोन तापला की पंख्यासमोर का धरायचा? हवेच्या न दिसणाऱ्या ‘गोधडी’ची गोष्ट

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी नागपूरला मावशीकडे होतो. मावसबहीण फोनवर ऑनलाइन मॉक टेस्ट देत होती आणि फोन चार्जिंगलाच लावलेला होता. अर्धा पेपर झाला आणि स्क्रीन आपोआप मंद झाली, ॲप अडकायला लागलं. फोन हातात धरवत नव्हता. मावशी म्हणाली, “दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेव गं!”

मी जवळजवळ ओरडलोच, “मावशी, फ्रीज नको!” चार्जर काढला, कव्हर काढलं, फोन कूलरसमोर उभा केला. पाच-सात मिनिटांत फोन जागेवर आला. तिची तेवढी मिनिटं गेली, शेवटचे काही प्रश्न राहिले, पण पेपर सबमिट झाला. रात्री तिने विचारलं, “दादा, हवा तर आधीपण होतीच ना फोनभोवती. मग नुसती जोरात आल्याने काय फरक पडला?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तराचं नाव आहे बाउंड्री लेयर, मराठीत सीमास्तर.

आधी पंख्याच्या पात्याकडे बघा

घरातला सीलिंग फॅन बंद करून पात्यावर बोट फिरवा. धूळ लागेल. आता विचार करा, १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी साधारण ८० किलोमीटर वेगाने फिरतं. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून का जात नाही?

कारण पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते. म्हणजे धुळीच्या बारीक कणाच्या दृष्टीने वारा जवळपास नाहीच! हवा असो की पाणी, कुठल्याही पृष्ठभागाला टेकलेला त्याचा थर तिथेच थांबतो. त्याच्या वरचा थर या थांबलेल्या थरामुळे मागे ओढला जातो, त्याच्या वरचा थोडा कमी, त्याच्या वरचा आणखी कमी. असं करत करत एका उंचीवर हवा पूर्ण वेगाने वाहायला लागते. शून्यापासून पूर्ण वेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंतचा हा जो पट्टा, तोच बाउंड्री लेयर.

हे होतं कारण हवेलाही चिकटपणा असतो. मधापेक्षा खूपच कमी, पण असतो.

हे कोणी शोधलं?

१७५२ मध्ये द’अलांबेर या फ्रेंच गणितज्ञाने एक विचित्र हिशोब मांडला. चिकटपणा शून्य धरला, तर एकसारख्या वेगाने वाहणाऱ्या प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच विरोध होत नाही, असं गणित सांगत होतं. पण नदीत उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे की पाणी ढकलतं. मग चूक कुठे?

उत्तर मिळायला दीडशे वर्षं लागली. १९०४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांटल या इंजिनिअरने छोटंसं भाषण केलं. त्याचं म्हणणं साधं होतं: चिकटपणाचा परिणाम सगळीकडे बघत बसू नका, तो पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात एकवटलेला असतो. पुढे त्याचा विद्यार्थी ब्लाझियस याने १९०८ मध्ये सपाट पत्र्यावर हा थर किती जाड होतो ते गणिताने काढून दिलं.

आता आपल्या फोनचा हिशोब

समजा फोनवरून लांबीच्या दिशेने सेकंदाला २ मीटर वेगाने संथ हवा जातेय. ब्लाझियसच्या सूत्राने, जिथून हवा आत शिरते त्या कडेपासून १ सेंटिमीटरवर थर साधारण १.४ मिलिमीटर जाड असतो. १६ सेंटिमीटरवर, म्हणजे फोनच्या दुसऱ्या टोकाला, तो साडेपाच मिलिमीटरच्या आसपास होतो. म्हणजे थर पुढे पुढे जाड होत जातो, कारण जास्तीत जास्त हवा मंदावत जाते.

वेग चौपट केला तर जाडी निम्मी होते. पंख्याची हवा इतकी शिस्तीत येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील, पण अंदाज यायला एवढं पुरे.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. फोनची उष्णता बाहेर पडायची तर आधी या मंद थरातून पार व्हावी लागते. हवा उष्णतेची वाईट वाहक आहे, म्हणून हा थर गोधडीसारखं काम करतो. वारा नसेल तर गोधडी जाड. वारा जोरात आला की गोधडी पातळ, आणि उष्णता भराभर बाहेर.

लॅमिनार आणि टर्ब्युलंट

थरातली हवा एकावर एक शिस्तीत सरकत असेल तर तो लॅमिनार. वेग वाढला, अंतर वाढलं किंवा पृष्ठभाग खडबडीत असला की तीच हवा घुसळायला लागते, तो टर्ब्युलंट. घुसळण्यामुळे वरची वेगवान हवा खाली येते, म्हणून टर्ब्युलंट थर उष्णता जास्त ओढून नेतो.

त्याची आणखी एक गंमत आहे. गोल वस्तूच्या मागच्या बाजूला दाब वाढत जातो. लॅमिनार थर तिथे लवकर दमतो आणि पृष्ठभाग सोडून देतो. टर्ब्युलंट थराकडे जोर जास्त, म्हणून तो जास्त वेळ चिकटून राहतो. क्रिकेटचा स्विंग यातूनच येतो! नव्या बॉलची तिरकी शिवण एका बाजूचा थर टर्ब्युलंट करते, दुसरी चकचकीत बाजू लॅमिनार राहते. दोन्हीकडची हवा वेगवेगळ्या जागी सुटते आणि बॉल शिवणीच्या दिशेला वळतो.

मग फोन तापला तर काय करायचं?

• चार्जर काढा, गेम किंवा व्हिडिओ बंद करा. आधी उष्णता तयार होणं थांबवा.

• कव्हर काढा. हवेच्या गोधडीवर अजून एक गोधडी कशाला?

• फोन गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, उभा ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागेल.

• जमलं तर हवा फोनच्या रुंदीच्या दिशेने येऊ द्या. अंतर कमी, म्हणून थराला जाड व्हायला वेळच मिळत नाही.

• फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडगार झालेला फोन बाहेरच्या दमट हवेत आला की त्यावर आणि आतही बाष्प जमू शकतं.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. पंखा गोधडी पातळ करतो, हवा थंड करत नाही. फोन ४५ अंशांवर आणि कूलरची हवा ३० अंशांची असेल तर फरक १५ अंशांचा. तोच फोन ४२ अंशांच्या हवेत पंख्यासमोर धरला तर फरक फक्त ३ अंशांचा, म्हणजे उष्णता पाचपट कमी जाणार. त्यामुळे भर उन्हात बाइकच्या होल्डरवर लावलेला फोन, कितीही वारा लागला तरी तापतोच. त्याच्यावर वरून ऊनही पडत असतं.

मावसबहिणीने पुढची टेस्ट सकाळी सातला दिली. फोन शंभर टक्के चार्ज करून, चार्जर काढून, कव्हर बाजूला ठेवून. या वेळी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचली.